‘सध्या तात्पुरतं आहे’ असं किती दिवस सांगू?

सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. नावगाव गाळून थोडक्यात सांगते.

वय २४, शिक्षण बी.कॉम. पुणे-सातारा महामार्गावर, वाईकडे वळणाऱ्या फाट्याच्या आसपासच्या एका कॉफी शॉपमध्ये ती दोन वर्षं कामाला आहे. आधी गल्ल्यावर होती. मशिन चालवणारा मुलगा ऐन दिवाळीत काम सोडून गेला, तेव्हापासून मशिनवर. हातात १५ हजार येतात, वर टिपचे हजार-दीड हजार. वडील साखर कारखान्यात हंगामी, भाऊ बारावीला. घरात आणि गावात आईने सांगून ठेवलंय की पोरगी ‘फूड कंपनीत सुपरवायझर’ आहे. आता शिरवळच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलंय आणि पुढच्या महिन्यात ती मंडळी बघायला येणार आहेत. त्याआधी ही नोकरी सोड, असं आईचं म्हणणं. मामा पतसंस्थेत क्लार्कची जागा देतो म्हणतात, पगार सुरुवातीला ९ हजार. इकडे मालक तिला शिफ्ट इनचार्ज करायला तयार आहे, पगार १९ हजार, पण दुकान बंद करूनच निघायचं, म्हणजे रात्रीचे अकरा. भावाचं तिसरंच: ‘ताई, आपण आपली कॉफीची गाडी टाकू.’ मध्येच एकदा शाळेतली मैत्रीण नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला जाताना दुकानात आली आणि ‘अगं, तू इथे?’ म्हणाली. हिच्या तोंडून निघून गेलं, ‘सध्या तात्पुरतं आहे.’ त्या रात्री झोप लागली नाही. ती विचारते, ‘ताई, मला हे काम आवडतं, पण तसं म्हणायचीही लाज वाटते. सोडू का?’

अगं, तुझं पत्र चार पानांचं आहे आणि त्यात ‘फक्त’ हा शब्द अकरा वेळा आलाय. ‘मी फक्त कॉफी बनवते.’ ‘फक्त हायवेवरचं दुकान आहे.’ ‘फक्त दोन वर्षं झालीत.’ तिसऱ्या पानावरच्या एका परिच्छेदात मात्र तो एकदाही नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की सकाळी ग्राइंडर वेगळा लावावा लागतो, दुपारी ऊन पडलं की पुन्हा बदलावा लागतो, आणि शॉट, म्हणजे मशिनमधून निघणारा कॉफीचा अर्क, वेळेआधीच भसकन पडला तर मालक समोर उभा असला तरी तू तो ओतून देतेस, असं तिथे लिहिलंयस. तो परिच्छेद लिहिताना तुझं अक्षरसुद्धा बदललंय. ओळी सरळ झाल्यात.

हे काय प्रकरण आहे, ते बाकीच्या वाचकांसाठी सांगते, कारण मलाही गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. एस्प्रेसो म्हणजे साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेल्या कॉफीतून ९ बार दाबाने गरम पाणी ढकलायचं आणि पंचवीस-तीस सेकंदांत जेमतेम ३६ ग्रॅम अर्क काढायचा. घरातल्या कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत वाढलेला दाब असतो साधारण एक बार. इथे त्याच्या नऊपट. दळण जरा जाड झालं तर पाणी पळून जातं आणि कॉफी आंबट, पाणचट लागते. जरा बारीक झालं तर पाणी अडून बसतं आणि कडू जहर होतं. दुधाचंही तसंच. वाफेवर ते ६०-६५ अंशांपर्यंत न्यायचं, तिथे त्याचा गोडवा सगळ्यात जास्त जाणवतो. सत्तरच्या वर गेलं की उकळल्या दुधाचा वास आणि फेसाचे मोठे मोठे बुडबुडे. आणि हे सगळं रविवारी संध्याकाळी, जेव्हा पाचगणी-महाबळेश्वरहून परतणाऱ्या गाड्या एकामागून एक आत वळतात, मुलं रडत असतात, कुणीतरी टिचक्या वाजवून ‘ए, दोन कोल्ड कॉफी’ म्हणत असतो, तेव्हा करायचं. याला ‘फक्त’ म्हणायचं असेल तर शिंप्याच्या कामालाही ‘फक्त शिवण’ म्हणावं लागेल.

पण तुझ्या आईचं बोलणं तू जसंच्या तसं उतरवून काढलंयस, आणि तिथे मी थबकले. ‘आमची पोरगी हायवेच्या हाटेलात कपबशा इसळतीया, असं सांगू का लोकांस्नी?’ तू याचा अर्थ लावलायस की आईला तुझ्या कामाची लाज वाटते. लाज असेलही. पण वाक्यातला जड शब्द कोणता आहे, बघ. मला तो ‘कपबशा’ वाटत नाही. ‘हायवेच्या हाटेलात’ हे खरं दुखणं आहे. आपल्याकडे गावात ‘हायवेवरचं हॉटेल’ म्हटलं की बायामाणसांच्या डोळ्यांसमोर काय येतं? परमिट रूम, ट्रक, रात्री उशिरापर्यंतचा उजेड, आणि तिथे काम करणाऱ्या बाईबद्दल पारावर होणारी कुजबूज. तुझी आई त्या दुकानात कधी आलीच नाहीये. काचेचं दार, पाळण्यातलं बाळ घेऊन बसलेलं कुटुंब, लॅपटॉप उघडून बसलेला मुलगा, यातलं काही तिने पाहिलेलं नाही. तिने जे पाहिलंय त्यावरून ती तुझ्या दुकानाचं चित्र रंगवते आणि त्या चित्रातून तुला बाहेर काढायला धडपडते. खोटं बोलणं चूकच, पण त्यामागे तुच्छता आहे की भीती, यावर तू तिच्याशी कसं बोलायचं ते ठरतं. लाज असेल तर वाद घालावा लागतो. भीती असेल तर दाखवावं लागतं.

आता ट्रेबद्दल. पुढच्या महिन्यात पाहुणे येतील तेव्हा आई तुझ्या हातात चहा-पोह्यांचा ट्रे देईल. सात-आठ अनोळखी माणसांसमोर तू वाकून तो ठेवशील, कप उचलून नेशील, बहुधा विसळशीलही. त्याला घरातलं कुणी हलकं काम म्हणणार नाही, उलट ‘वळण चांगलं आहे’ म्हणतील. तेच काम तू पगार घेऊन, गणवेश घालून, ग्राइंडर जुळवून केलंस की त्याचं ‘कपबशा इसळणं’ होतं. मला यात गंमत वाटते, राग कमी येतो. रागाचे दिवस माझे संपले.

ही जुनी गोष्ट आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार बायकांच्या खानावळीत जेवायचे. दोन वेळचं जेवण, महिन्याचा हिशेब, उधारी, सावकाराचं व्याज, सगळं त्या बायका सांभाळायच्या. आणि त्यांना विचारलं तर त्या म्हणायच्या, ‘आम्ही काही करत नाही, घरीच असतो.’ १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्या कामाला ‘धंदा’ हे नाव मिळालं. काम तेच होतं, बाया त्याच होत्या. तुझं ‘फक्त’ त्यांच्या ‘काही करत नाही’च्या जवळचं आहे.

पण थांब. हे वाचून तू उद्या पदर खोचून ‘मी कुठेही जाणार नाही’ असं जाहीर करावंस, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तू विचारलंस, सोडू का? माझ्या मते यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. एक, हा हुन्नर सोडायचा का? दोन, हे दुकान सोडायचं का? पहिल्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. दुसऱ्याचं उत्तर मला ठाऊक नाही, कारण तू दुकानाबद्दल फार थोडं लिहिलंयस. काम आवडतं म्हटलं की माणूस पगाराची स्लिप मागायला विसरतो, तसं तुझं झालेलं दिसतंय. सलूनमधल्या मुलींची, केक बनवणाऱ्यांची, एका पेट्रोल पंपावरच्या मुलाचीही अशी पत्रं माझ्याकडे आलीत. आवडीचं काम आणि कच्चा हिशेब यांची जोडी फार जुनी आहे.

तर हिशेब. तुझा पीएफ कापतात का? वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तो कायद्याने भरावा लागतो, आणि एकाच मालकाच्या आस्थापनेच्या शाखा असतील तर माणसं एकत्र मोजतात. मालकाची आणखी दोन दुकानं आहेत असं तू ओझरतं लिहिलंयस, म्हणून सांगते. कापत असतील तर तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, माग आणि पासबुक स्वतः उघडून बघ. पगारातून कापलेले पैसे खात्यात पोचलेत का, हे बघणं म्हणजे मालकावर अविश्वास दाखवणं नव्हे. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे का? आहे तर मनगट दुखतं म्हणून तू जे बाम चोळत बसतेस, त्याऐवजी दवाखान्यात जाता येईल. आठवड्याचे ४८ तास झाल्यावर जो जास्तीचा वेळ जातो, त्याचे पैसे दुप्पट दराने मिळायला हवेत. सीझनला सलग अकरा दिवस सुट्टी नाही, असं तू जवळजवळ अभिमानाने लिहिलंयस. पोरी, त्यात अभिमान धरण्यासारखं काही नाही.

मनगटावरून आठवलं. टॅम्प करताना, म्हणजे दळलेली कॉफी दाबून बसवताना, मनगट मोडून दाबू नकोस. मनगट सरळ ठेव, कोपर हाताच्या वर येऊ दे आणि खांद्याचं वजन टाक. मला हे एका कॉफीवाल्या मुलाने दाखवलं, वीस वर्षांनी मोठ्या बाईला शिकवताना तो जरा लाजत होता. पायाखाली रबरी मॅट मागून घे. टाचा आत्ता दुखत नसतील, पस्तिशीत आठवण करून देतील.

शिफ्ट इनचार्जची गोष्ट निराळी. १९ हजार चांगले आहेत, आणि नावामागे पद आलं की पुढच्या नोकरीला ते उपयोगी पडतं. पण रात्री अकराला सर्व्हिस रोडने एकटी स्कूटरवर घरी? यात मी तुझ्या आईच्या बाजूची आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय हवी, असं म्हटलंय. अगदी छोट्या दुकानांना हा कायदा पुरता लागू होत नाही, पण बोलणी करायला तो पुरेसा आधार आहे. मालकाला सांग की पद मंजूर, बंद करायची पाळी आठवड्यातून तीनच दिवस, आणि त्या तीन दिवसांत घरापर्यंत गाडी. कागदावर. तो मशिनसाठी काही लाख मोजतो, तर ते मशिन नीट चालवणाऱ्या माणसाला गाडीतून घरी सोडणं त्याला जड जाऊ नये. गेलंच, तर तुला दुकानाविषयी जे कळायला हवं होतं ते कळलं. त्रास देणारं गिऱ्हाईक किंवा सहकारी असेल तर तक्रार कुठे करायची, हेही तेव्हाच विचारून ठेव. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान दुकान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

मामांच्या पतसंस्थेला मी नाक मुरडणार नाही. नऊ हजार ऐकून तू ओठ काढलास हे ओळीओळीत दिसतं, पण पगार हा एकच निकष नाही. खुर्ची आहे, सुट्टी आहे, संध्याकाळी सहाला घर आहे, आणि ‘पतसंस्थेत आहे’ म्हटल्यावर कुणी भुवया उंचावत नाही. तू बी.कॉम. आहेस. तिथे जाऊन सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा दिलीस तर सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा रस्ता उघडतो, तो रस्ता खरा आहे आणि त्याला मान आहे. प्रश्न एवढाच की तुला तो चालायचा आहे का. तुझ्या पत्रात पतसंस्थेला अडीच ओळी मिळाल्यात, त्यातली दीड ओळ मामांच्या स्वभावावर आहे. पिग्मी गोळा करत फिरावं लागेल का, ठेवी आणायचं टार्गेट असतं का, नऊ हजारांचे बारा हजार कधी होतात, हे तू विचारलेलंच नाहीस. मामांना न विचारता तिथे आत्ता काम करणाऱ्या मुलीला विचार. आणि तरीही मन लागत नसेल, तर निदान चांगली नोकरी सोडली अशी टोचणी तरी मनात राहणार नाही.

एक चौथी वाट कुणी बोललं नसेल तर मी सांगते. स्पर्धा परीक्षा. आमच्याकडे निम्मी पत्रं त्यावरच असतात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. ज्याला जायचंय त्याने जावं, पण ‘काहीतरी चांगलं बघ’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांच्या मनात बहुधा हेच असतं, आणि त्यांना हे आकडे ठाऊक नसतात. तेव्हा ‘चांगलं’ म्हणजे काय, असं शांतपणे विचारायचा तुला हक्क आहे.

भावाची गाडी. पोराचा उत्साह मला आवडला. पण महामार्गाची जी जमीन आहे, कडेची पट्टीसुद्धा, तिथे परवानगीशिवाय काही टाकणं २००२ च्या कायद्याने चालत नाही. आज गाडी लावली, उद्या उचलून नेतील. कुणाच्या खासगी जागेत लावायची तर भाडं, अन्नसुरक्षेची नोंदणी, व्यापारी वीजजोड. एस्प्रेसो मशिन तीन-चार किलोवॅट सहज ओढतं. बारावीच्या वर्षात त्याला यात ओढू नकोस. मात्र एक गोष्ट आत्ताच सुरू कर, त्याला पैसे लागत नाहीत. वही घे आणि तुझ्या दुकानातल्या एका कॅपुचिनोचा खर्च काढ. अंदाजाने मांडून दाखवते, खरे आकडे तू भर: किलोला नऊशे रुपयांची कॉफी धरली तर १८ ग्रॅमचे सोळा रुपये. किलोत पंचावन्न शॉट निघतात, त्यातले तू ओतून दिलेले वजा. दीडशे मिली दूध दहा-अकरा रुपयांचं. कप, झाकण, साखर, टिश्यू मिळून आठ. झाले पस्तीस. दुकान ती १६० ला विकतं. मधले सव्वाशे कुठे जातात? भाडं, वीज, मशिनचा हप्ता, तुम्हा पोरांचे पगार, मंगळवारच्या रिकाम्या दुपारी आणि ओढ्यात ओतलेलं फाटलेलं दूध. तीन महिने ही वही ठेव. बी.कॉम. वाया गेलं असं तू लिहिलंयस ना? ते तिथे कामाला लागेल. आणि वही संपेपर्यंत गाडी टाकायची की नाही, हे तुम्ही दोघं माझ्यापेक्षा नीट सांगाल.

हुन्नर पुढे न्यायचा तर तोही एका दुकानापुरता नाही. आपल्या देशात सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, आणि आजही देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. सातारहून ते डोंगर काही सातासमुद्रापार नाहीत, तुझ्या दुकानासमोरचाच रस्ता बेंगळुरूला जातो. कॉफी बोर्डाचं मुख्यालय तिथे आहे आणि ते ‘कापी शास्त्र’ नावाने भाजणं आणि कॉफी बनवणं शिकवणारे काही दिवसांचे वर्ग घेतात. तारखा आणि फी बोर्डाकडे विचार, मालकाने निम्मी फी भरावी असा शब्द टाकून बघ. पुण्यात स्वतः कॉफी भाजणारी दुकानं आता बरीच आहेत. तिथे मशिनवरून सुरुवात केलेली मुलं पुढे नव्यांना शिकवतात, भाजणीवर बसतात, माल पारखतात. सगळेच नाही. बरीच मुलं दोन वर्षांत कंटाळून दुसरीकडे जातात, हेही खरं. तुझी दोन वर्षं होऊन गेलीत आणि तू अजून ग्राइंडरवर अर्धं पान लिहितेस.

राहिलं स्थळ. यात माझं मत ठाम आहे, सल्ला म्हणून घे किंवा सोडून दे. नोकरी आधी सोडून मग ‘सध्या घरीच असते’ म्हणणं, किंवा ‘फूड कंपनी’ पुढे चालू ठेवणं, दोन्ही नको. तुझं दुकान महामार्गावर आहे आणि मुलगा शिरवळला. त्याच्या कंपनीतला कुणी ना कुणी एखाद्या रविवारी तुझ्याच हातची कॉफी पिऊन गेलेला असेल. हे खोटं टिकण्यातलं नाही. आणि समजा टिकलं, तर ज्या घरात तुझं काम लपवून तू जाशील, तिथे ते काम पुन्हा सुरू करायची वाट तू स्वतःच बंद केलेली असेल. बैठकीत मुलाशी दहा मिनिटं बोलायला देतात ना? तेव्हा सरळ सांग: मी कॉफी शॉपमध्ये मशिनवर असते, इतका पगार आहे, इनचार्जचं बोलणं चालू आहे, लग्नानंतर हे किंवा असंच काम करायचा विचार आहे. लाजत नको, फुशारकीतही नको, साताऱ्याला बस किती वाजता आहे हे सांगतेस तसं. मग त्याचा चेहरा बघ. तुला माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त तिथे कळेल. नकार आला तर आईला वाईट वाटेल, तुलाही वाटेल. ती किंमत आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याआधी आईला तयार करावं लागेल, कारण चारचौघांत तिचं खोटं तू उघडं पाडलंस तर ती ते वर्षभर विसरणार नाही, आणि मला विचारशील तर तिचं बरोबरच असेल.

मैत्रिणीला ‘तात्पुरतं’ म्हणालीस त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. अनपेक्षितपणे कुणी ‘तू इथे?’ विचारलं की आपल्या तोंडून समोरच्याला सोयीचं उत्तर निघतं. मी तिच्या जागी असते तर कदाचित मीही तसंच विचारलं असतं, गावची मुलगी अचानक भेटल्यावर दुसरं काय सुचतं? तिच्या प्रश्नात टोमणा होता असं तू गृहीत धरलंयस. तिने कॉफी संपवली होती का, हे मात्र लिहिलं नाहीस. मला तेच जाणून घ्यायचं होतं.

तर आधी आई. पाहुणे यायच्या निदान दोन आठवडे आधी, शनिवार-रविवार नको, मंगळवार-बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला, गर्दी नसते तेव्हा तिला दुकानात बोलाव. एसटीने फाट्यावर उतरू दे, तू घ्यायला जा. बरोबर एखादी मावशी किंवा शेजारीण आली तर आणखी बरं, गावात बातमी आपोआप योग्य शब्दांत पोचते. काउंटरच्या अगदी समोरच्या टेबलावर बसव, म्हणजे मशिन दिसेल. समजावून काही सांगू नकोस. तुझं काम कर, मध्ये दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला आधी बघ. तिच्यासाठी कॅपुचिनो बनव, दूध नेहमीपेक्षा जरासं गरम, कारण घरच्या उकळत्या कॉफीची सवय असलेल्या माणसाला ६० अंश म्हणजे गार वाटतं. साखर दोन चमचे, विचारू नकोस, घाल. वर चॉकलेट पावडर नको. पर्समधून जायफळ नेलेलं असू दे, ते किस.

आणि बिल कर. मालक ‘राहू दे’ म्हणाला तरी कर, तुझ्या पैशाने, तिच्या देखत. पावतीवर काय छापलंय ते तिला वाचायला दे.